आजार मराठीत, अर्ज कन्नडमध्ये

दवाखान्याच्या बिलासाठी मदत आहे, पण ती कागदापाशी अडते. सीमाभागातील कुटुंबांनी काय करावे?

लोंढा स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्यांत दवाखान्याला निघालेली माणसे लगेच ओळखू येतात. हातात क्ष-किरण फोटोचे मोठे पाकीट, काखेत कागदांची प्लॅस्टिकची पिशवी आणि बरोबर भाकरीची एक गाठोडी. लोंढ्याहून एक रूळ हुबळी-धारवाडकडे जातो, दुसरा खानापूर-बेळगाववरून मिरजेकडे आणि तिसरा कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्याकडे. वाटा तीन आणि सरकारेही तीन. बेळगाव-हुबळीत कर्नाटकाचे नियम, मिरज-कोल्हापुरात महाराष्ट्राचे आणि बांबोळीत गोव्याचे. रुग्ण मात्र एकच, आणि त्याच्या पिशवीतले कागदही तेच.

मध्यंतरी या परिसरातील एका वाड्यावरचे एक गृहस्थ आम्हाला भेटले. गोव्यात बांधकामावर मजुरी करणारा हा माणूस. पत्नीला हृदयाचा आजार निघाला म्हणून शहरातील एका मोठ्या खासगी दवाखान्यात दाखल केले. शस्त्रक्रिया झाली, बाई बरी होऊन घरी आली, पण बिल एक लाख चाळीस हजारांवर गेले. दोन म्हशी विकल्या, उरलेल्या रकमेसाठी व्याजाने पैसे काढले. आम्ही विचारले, "तुमच्याकडे बीपीएल रेशनकार्ड नव्हते काय?" ते म्हणाले, "होते की. घरात डब्यात होते. कुणी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही." मग त्यांनी पिशवीतून कागद काढून दाखविले. त्यात एक कन्नड कागद होता. सरकारी योजनेतून उपचार नकोत, आम्ही स्वखर्चाने उपचार करून घेतो, असा त्याचा मजकूर. खाली त्यांची मराठीत सही. "सही करा म्हणाले, केली. ऑपरेशनची परवानगी असेल असे वाटले," एवढेच ते म्हणाले.

दवाखान्याने जाणूनबुजून असे केले की गर्दीच्या घाईत ते घडले, याचा निवाडा आम्ही करू शकत नाही. पण न वाचता आलेल्या एका ओळीची किंमत त्या घराला दोन म्हशी आणि एक कर्ज एवढी पडली. आम्ही हा लेख लिहीत आहोत तो यासाठीच. गरिबाच्या दवाखान्याच्या बिलाला आज मदत नाही असे नाही. ती कोणत्या कागदावर, कोणाकडे आणि केव्हा मागायची हे वेळेवर कळत नाही. सीमाभागात तर तो कागद आपल्या भाषेतही नसतो.

कर्नाटकाची योजना : हक्काची आणि जवळची

प्रथम जी मदत सर्वांत जवळ आहे तिच्याविषयी. कर्नाटक शासनाने मार्च २०१८ मध्ये 'आरोग्य कर्नाटक' योजना सुरू केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेला जोडली. बीपीएल कार्डधारक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार या योजनेतून मिळतात. ज्यांचे कार्ड बीपीएल नाही त्यांनाही ठरलेल्या दराच्या तीस टक्के मदत, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत मिळते. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. 'आमचे कार्ड एपीएल, आम्हाला काही नाही' असे म्हणून अनेकजण विचारतही नाहीत.

या योजनेची एक पद्धत आहे आणि तीच ठाऊक नसल्यामुळे लोक अडतात. साधे उपचार सरकारी दवाखान्यातच घ्यावे लागतात. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग अशा मोठ्या आजारांसाठी खासगी दवाखान्यात जायचे तर आधी सरकारी दवाखान्याची शिफारस चिठ्ठी लागते. म्हणजे लोंढ्याच्या माणसाने सरळ बेळगावच्या खासगी दवाखान्याची पायरी चढण्याआधी खानापूरच्या तालुका दवाखान्यात किंवा बेळगावच्या सिव्हिलमध्ये, म्हणजेच आताच्या बिम्समध्ये, जाऊन चिठ्ठी घ्यायला हवी. अपघात, हृदयविकाराचा झटका अशा तातडीच्या ठरलेल्या प्रसंगी मात्र चिठ्ठीची अट नाही. योजनेत सामील असलेल्या दवाखान्यात सरळ दाखल होता येते.

प्रत्येक सामील दवाखान्यात 'आरोग्य मित्र' नावाचा कर्मचारी असतो. आत शिरल्यावर पैसे भरण्याच्या खिडकीकडे न जाता आधी त्याला गाठावे, रेशनकार्ड आणि आधार दाखवावे. ही योजना बिनरोकड आहे. एकदा रोख बिल भरून घरी आल्यावर ते पैसे योजनेतून परत मिळतील या भरवशावर कोणी राहू नये. वर सांगितलेल्या गृहस्थांचे नेमके तेथेच चुकले. १०४ हा कर्नाटकाच्या आरोग्य साहाय्यवाणीचा आणि १४५५५ हा आयुष्मान भारतचा क्रमांक. दोन्ही भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत.

सहकारी सोसायटीच्या सभासद शेतकऱ्यांसाठी 'यशस्विनी' ही आणखी एक योजना आहे. २००३ साली ती सुरू झाली, २०१८ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाली आणि २०२२ अखेर पुन्हा सुरू करण्यात आली. वार्षिक वर्गणी भरून नाव नोंदवावे लागते आणि नोंदणीला मुदत असते. आपल्या सोसायटीच्या सचिवाला याविषयी विचारायला हरकत नाही.

महाराष्ट्राचा हात आणि मधली ओढाताण

२७ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने सीमाभागातील ८६५ गावांविषयी एकमताने ठराव केला. त्यानंतर २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या गावांतील मराठी भाषिकांना लागू करण्यात आली. ही योजना २०१२ साली 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने सुरू झाली होती आणि २०१७ पासून फुले यांच्या नावाने चालते. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेली. सीमेलगतच्या महाराष्ट्रातील आठ जिल्ह्यांतील १४० आणि बेळगाव, कारवार, कलबुर्गी, बिदर या चार जिल्ह्यांतील १० दवाखाने सीमावासीयांसाठी जोडण्याचेही त्यात ठरले.

सीमाभागात या बातमीने समाधान वाटले, आणि ते साहजिकच होते. पण पुढे काय झाले? मार्च २०२३ मध्येच कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी या योजनेला हरकत घेतली होती. जानेवारी २०२४ मध्ये बेळगावात या योजनेचे अर्ज भरून देणारी केंद्रे प्रशासनाने बंद केली. एका सरकारने मदत जाहीर केली, दुसऱ्याने तिच्या खिडकीला कुलूप घातले. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण डायलिसिसवर असलेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्राला जोडून घ्यावे लागते, त्याला तारखेवर तारीख परवडत नाही. रुग्णाचा अर्ज भरून देण्याने कोणत्या राज्याची सीमा हलते, हे आम्हाला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

तरीही ही वाट पूर्ण बंद झाली असे समजू नये. मिरज किंवा कोल्हापूरकडे उपचारासाठी जाणाऱ्यांनी त्या दवाखान्यातील फुले योजनेच्या कक्षात जाऊन आपले गाव ८६५ गावांच्या यादीत आहे का आणि कोणते कागद लागतील, हे दाखल होण्याआधी विचारावे. यादीतील गावाच्या नावाचे लेखन आणि आपल्या आधार कार्डावरचे लेखन जुळते का तेही पाहावे. गावाचे एक नाव मराठीत, दुसरे कन्नडमध्ये आणि तिसरे इंग्रजी स्पेलिंगमध्ये, ही आपल्याकडची रोजची गोष्ट. अशा एका अक्षरावरूनही अर्ज परत येऊ शकतो.

मिरजेची वाट आपल्याला नवी नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभे केले, तेव्हापासून या रुळावरून दूरदूरचे रुग्ण तेथे जात आले. तेव्हा मिरज हे संस्थान होते आणि बेळगाव मुंबई इलाख्यात. राज्य वेगळे होते म्हणून रुग्णाची गाडी कधी चुकली नाही. १ नोव्हेंबर १९५६ नंतर नकाशा बदलला, रूळ तेच राहिले.

गोव्याला जाताना

लोंढ्याकडच्या अनेक घरांतील एकतरी माणूस गोव्यात कामाला असतो, म्हणून बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज आपल्याला जवळचे वाटते. पूर्वी तेथे परराज्यातील रुग्णांवरही विनामूल्य उपचार होत. १ जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरील रुग्णांकडून शुल्क घेतले जाऊ लागले. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तेथे किमान पाच वर्षे राहणाऱ्यांसाठी आहे. वर्षानुवर्षे गोव्यात राबणाऱ्या आपल्या लोकांनी तेथील वास्तव्याचा पुरावा नीट जपावा. आणि 'बांबोळीला सगळे फुकट' या जुन्या समजुतीवर विसंबून रिकाम्या खिशाने घाट उतरू नये.

केंद्राच्या यादीत ज्यांचे नाव आहे त्यांचे आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातील सामील दवाखान्यातही चालते. मात्र कर्नाटकातील सर्वच कार्डधारक केंद्राच्या यादीत नाहीत. आपण कोणत्या यादीत आहोत हे निघण्यापूर्वी १४५५५ वर विचारून घेतलेले बरे.

रेल्वेचे गाव असून रेल्वेची सवलत मात्र आपल्याला आठवत नाही. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना शयनयान वर्गात पूर्ण सवलत आहे. त्याच्या सोबत्याला पंचाहत्तर टक्के. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा डायलिसिससाठी जाणाऱ्यांना सोबत्यासह पंचाहत्तर टक्के सवलत आहे. त्यासाठी दवाखान्याने ठरलेल्या नमुन्यात दिलेला दाखला तिकीट खिडकीवर द्यावा लागतो. २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद झाली, रुग्णांची झाली नाही.

योजना अपुरी पडली तर

काही आजारांचा खर्च मर्यादेबाहेर जातो, काही उपचार योजनेच्या यादीत नसतात. अशा वेळी निधीकडे अर्ज करता येतो. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी जानेवारी १९४८ मध्ये फाळणीच्या निर्वासितांसाठी सुरू झाला. आज त्यातून हृदयशस्त्रक्रिया, मूत्रपिंड रोपण, कर्करोग यांसाठीही साहाय्य मिळते. अर्जासोबत दवाखान्याचे खर्चाचे मूळ अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि छायाचित्र लागते. रक्कम रुग्णाच्या हाती न येता दवाखान्याकडे जाते. म्हणून अर्ज उपचाराआधी करावा. कर्नाटकाचाही मुख्यमंत्री परिहार निधी आहे. त्यासाठी आपल्या आमदारांच्या कार्यालयात विचारावे. आमदार कोणत्या पक्षाचा आणि त्याची भाषा कोणती, हा विचार मतदानाच्या दिवशी करावा. रुग्णाचा अर्ज घेऊन जाताना तो नको.

उत्पन्नाचा दाखला आपल्याकडे नाडकचेरीतून मिळतो. घरात कोणी आजारी नसताना तो काढून ठेवावा. माणूस अतिदक्षता विभागात असताना त्याचा भाऊ दाखल्यासाठी रांगेत उभा राहतो, हे दृश्य आम्ही अनेकदा पाहिले आहे. रेशनकार्डही तपासून घ्यावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकात अनेकांची बीपीएल कार्डे रद्द झाली किंवा एपीएल झाली, आणि ओरड झाल्यावर पात्र लोकांची परत करण्यात आली. आपले कार्ड आज कोणत्या वर्गात आहे हे दवाखान्याच्या खिडकीवर कळण्यापेक्षा आधी कळलेले चांगले.

शब्द ओळखीचे, अर्थ वेगळे

आता भाषेकडे येऊ. कन्नड येत नाही म्हणून अडते, हे खरे आहे. पण कधीकधी शब्द कळला असे वाटते म्हणूनही माणूस फसतो. कन्नड कागदावर किंवा फलकावर 'उचित चिकित्से' असे असेल तर आपण त्याचा अर्थ 'योग्य उपचार' असा घेऊ. कन्नडमध्ये 'उचित' म्हणजे विनामूल्य. 'तुर्तु' हा शब्द ऐकून आपल्याला 'तूर्तास' आठवते, पण कन्नडमध्ये त्याचा अर्थ तातडीचा. ज्या फलकाखालून आपण 'इथे योग्य उपचार होतात' असे समजून पुढे गेलो, त्यावर कदाचित 'इथे पैसे लागत नाहीत' असे लिहिलेले असेल.

आणखी काही शब्द ध्यानात ठेवावेत. 'पडितर चीटि' म्हणजे रेशनकार्ड. 'आदाय प्रमाण पत्र' म्हणजे उत्पन्नाचा दाखला. 'मुंगड' म्हणजे आगाऊ रक्कम. 'ओप्पिगे' म्हणजे संमती. आणि 'स्वंत खर्चु' म्हणजे स्वतःचा खर्च. हा शेवटचा शब्द कोणत्याही कागदावर दिसला किंवा कोणी वाचून दाखविताना ऐकू आला, तर सही करण्यापूर्वी थांबावे आणि पूर्ण कागद समजावून घ्यावा. समजावून न घेता केलेली संमती ही खरी संमती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली एका वैद्यकीय खटल्यात स्पष्ट केले आहे.

हक्कांचीही माहिती हवी. तातडीच्या रुग्णावर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले. खासगी दवाखान्यांविषयीच्या कर्नाटकाच्या २००७ च्या कायद्यात पुढे जी दुरुस्ती झाली, तीनुसार तातडीच्या वेळी आगाऊ रकमेसाठी अडवून धरता येत नाही आणि बिल थकले म्हणून मृतदेह रोखून ठेवता येत नाही. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे करता येते.

आणि ती तक्रार मराठीत करता येते. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ साली जी संरक्षणे ठरली, त्यांत ज्या भागात अल्पसंख्याक भाषिक पंधरा टक्के किंवा अधिक असतील तेथे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे आहे. खानापूर तालुक्यात मराठी भाषिक किती आहेत हे सांगायला जनगणना अधिकाऱ्याची गरज नाही. मग निदान योजनेचा फलक आणि संमतीचा कागद तरी मराठीत का नसावा? बेळगावच्या प्रशासनाकडे आमची ही मागणी आहे. कन्नडचा मान कमी करा असे आम्ही म्हणत नाही. कन्नडच्या खाली मराठीची चार ओळींची जागा मागतो. आजाऱ्याला समजेल असे लिहिणे हा औषधोपचाराचाच भाग आहे.

हट्ट कोठे असावा?

शेवटी आपल्याच लोकांना दोन शब्द. 'कर्नाटकाचे कार्ड कशाला? आपण महाराष्ट्राचे' असे म्हणून योजनेकडे पाठ फिरविणारी माणसे आम्हाला भेटली आहेत. त्यांची भावना आम्हाला कळते. तीन पिढ्यांची ती वेदना आहे आणि आम्ही तिच्याबाहेर नाही. पण रेशनकार्डावर कन्नड अक्षरे आहेत म्हणून आपले मराठीपण तसूभरही कमी होत नाही. आपण येथे कर भरतो, येथल्या जंगलात आणि शेतात राबतो. या योजनेतला पैसा आपलाही आहे. हट्ट धरायचा तर कागद मराठीत मिळावा म्हणून धरावा. मिळणारा उपचार सोडून देण्याने सीमालढा एक पाऊलही पुढे जात नाही, घरावरचे कर्ज मात्र वाढते.

आमची एक सूचना आहे. प्रत्येक गावातील तरुण मंडळाने, महिला बचतगटाने किंवा वाचनालयाने कन्नड वाचता येणारी दोन मुले-मुली या कामासाठी नेमावीत. आज आपल्या बहुतेक मुलांना शाळेत कन्नड शिकावेच लागते. ते शिक्षण अशा वेळी उपयोगी पडू द्या. गावातील कोणी दवाखान्यात दाखल होणार असेल तर त्यांनी कार्ड, आधार आणि उत्पन्नाचा दाखला पाहावा, शिफारस चिठ्ठी घेतली का ते विचारावे आणि शक्य असेल तर एकाने सोबत जावे. आशा सेविकेला यात जोडून घ्यावे. यासाठी निधी लागत नाही, ठराव लागत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही.

त्या गृहस्थांचे कर्ज अजून फिटलेले नाही. पण निरोप घेताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांची मुलगी नववीत आहे आणि तिला कन्नड चांगले वाचता येते. "आता कुठल्याही कागदावर सही करायची झाली की आधी तिला दाखवतो," ते म्हणाले. रेशनकार्ड त्यांनी डब्यातून काढून घराच्या दर्शनी भिंतीवर खिळ्याला पिशवीत लावून ठेवले आहे. आमच्या वाचकांनीही आज घरी गेल्यावर आपले कार्ड कोठे आहे, एवढे तरी पाहावे.